डॉ. इरावती कर्वे : गावोगावी फिरून माणसांचा अभ्यास करणाऱ्या संशोधिका

१५ डिसेंबर हा दिवस आपल्या शाळांच्या जयंती-पुण्यतिथीच्या यादीत सहसा नसतो. डॉ. इरावती कर्वे यांचा तो जन्मदिवस. बहुतेकांना त्या 'युगान्त' या पुस्तकामुळे ठाऊक असतात. महाभारतातल्या व्यक्तींवरचं हे पुस्तक १९६७ साली आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पण पुस्तक हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. त्यांचं आयुष्य गेलं ते वेगळ्याच उद्योगात. लोकांच्या दारात जायचं, ओसरीवर बसायचं, विचारायचं, ऐकायचं, मोजायचं आणि लिहून घ्यायचं. आज विद्यापीठांत लोकसहभागातून संशोधन, संशोधनातली नैतिकता, माहितीपूर्ण संमती असे शब्द ऐकू येतात. हे शब्द रुळायच्या कितीतरी आधी या बाई हे काम कशा करत होत्या, त्यात त्यांचं काय बरोबर होतं आणि काय आजच्या नजरेला खटकतं, हे पाहण्यासारखं आहे. आपल्यालाही ते लागू पडतं. जनगणना, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, मतदार यादी या ना त्या निमित्ताने हातात फॉर्म घेऊन दार वाजवलं नाही असा शिक्षक आपल्या घनसावंगी तालुक्यात शोधून सापडायचा नाही.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. त्या देशातल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. त्या काळी ब्रह्मदेशाहून पुण्याला मुलगी शिकायला पाठवायची म्हणजे काय, याची कल्पना करा. हुजूरपागेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्या आईवडिलांनी इरावतीला आपल्या घरात मुलीसारखं वाढवलं. ते घर होतं रँग्लर र. पु. परांजपे यांचं. (शकुंतलाबाईंची मुलगी म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे.) घरात पुस्तकं भरपूर, वाद भरपूर आणि देवधर्माचं बंधन नाही. प्रश्न विचारायची सवय तिथेच लागली असणार.

फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. १९२८ साली एम.ए. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. याच सुमारास फर्ग्युसनमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. महर्षी धोंडो केशव कर्वे सासरे झाले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य झिजवलेले महर्षी सुनेच्या परदेशी शिक्षणाला मात्र अनुकूल नव्हते, ही गोष्ट आपण मुलांना सांगायला हरकत नाही. मोठी माणसं सगळ्याच बाबतीत आपल्याला हवी तशी नसतात. नवरा पाठीशी होता. पैशाची सोय जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला निघाल्या.

आता पुढचा भाग जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे.

बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची एक नामांकित संस्था होती आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. या फिशर यांनी १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती आणि मिश्र विवाह वाईट असा निष्कर्ष काढला होता. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांची जर्मन सैन्याने कत्तल केली होती. पुढे नाझींच्या वंशविषयक कायद्यांना अशाच शास्त्राचा आधार घेतला गेला. अशा माणसाकडे आपल्या इरावतीबाई शिकायला गेल्या. त्यांना दिलेलं काम असं : माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांचा अंदाज असा की युरोपीय गोऱ्या लोकांच्या कवटीत हा फरक विशिष्ट प्रकारचा असतो आणि त्यावरून त्यांची तर्कबुद्धी इतरांपेक्षा वरचढ ठरते. इरावतीबाईंनी हे मोजून दाखवायचं होतं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. फरक आहे का, तर आहे. पण तो सगळ्याच माणसांत आहे. वंशावरून त्यात काही ठरत नाही. त्यांनी तसंच लिहून दिलं.

कोण लिहितंय पाहा. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. परका देश, परकी भाषा. डोक्यावर कर्ज. परीक्षक तेच, मार्गदर्शक तेच आणि त्यांना हवं ते उत्तर आधीच ठाऊक. आकडे थोडे इकडचे तिकडे केले असते, किंवा निष्कर्षात गुळमुळीत लिहिलं असतं, तरी कोणाला कळलं नसतं. मार्गदर्शकांना हे आवडलं नाही, पण पदवी मिळाली. आपण विज्ञानाच्या प्रयोगवहीत मुलांना पुस्तकातलं उत्तर आधी बघून मग निरीक्षण लिहू देतो ना, त्या सवयीच्या शेजारी हा प्रसंग ठेवून बघावा.

पण याच प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. त्या कवट्या आल्या कुठून? त्यातल्या काही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून आणलेल्या होत्या. कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी बहीण. त्यांच्या घरच्यांना विचारून कोणी त्या नेल्या नव्हत्या. अनेक जर्मन संग्रहालयं असे अवशेष अलीकडे त्या त्या देशांना परत करू लागली आहेत. निष्कर्ष प्रामाणिक होता, पण ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांना विचारलेलंच नव्हतं. संशोधनातली नैतिकता म्हणजे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एक असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. पहिलीत इरावतीबाई पूर्ण उतरल्या. दुसरीचा विचार त्या काळात फारसं कोणी करतच नव्हतं.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. खुर्चीवरच्या कामात त्यांचं मन रमलं नाही. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई म्हणून लोक त्यांच्याकडे वळून बघत. नवऱ्याला नावाने हाक मारत. या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात म्हणून इथेही सांगितल्या, पुढे जाऊ.

डेक्कन कॉलेजातून त्यांची खरी भटकंती सुरू झाली. खानदेशातले भिल्ल, कोकण, कर्नाटक, ओडिशा, केरळ. रेल्वेने, एसटीने, बैलगाडीने आणि पुष्कळदा पायी. बरोबर मोजमापाची साधनं, वह्या आणि कधी कधी घरातली मुलंसुद्धा. पैसा बेताचा. त्या काय गोळा करत होत्या? एक म्हणजे शरीराची मोजमापं. दुसरं म्हणजे नात्यांची नावं. आत्या, मावशी, मामी, भाचा, पुतण्या, साडू, व्याही, विहीण. कुठल्या प्रदेशात कुठल्या नात्याला काय शब्द आहे, कुठे दोन नात्यांना एकच शब्द आहे, कुठे सोयरीक चालते आणि कुठे चालत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना पूर्वी तोच पहिला हक्क समजत, पण आत्याच्या मुलीशी बऱ्याच जातींत चालत नाही. उत्तरेकडे गेलं तर दोन्ही चालत नाहीत. दक्षिणेत मामाची काय, आत्याची काय, बहिणीची मुलगीसुद्धा अनेक ठिकाणी चालते. या सगळ्या माहितीवरून त्यांनी भारताचे नातेसंबंधांच्या दृष्टीने उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेला. हा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत आला आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचला गेला. त्यातली माहिती मात्र कोणत्या ग्रंथालयात नव्हती. ती घराघरातल्या बायकांच्या तोंडी होती.

जातीबद्दलही त्यांनी असंच केलं. पुस्तकात लिहिलंय ते न मानता जाऊन पाहिलं. कुंभारांचं उदाहरण त्या देतात. आपण म्हणतो कुंभार ही एक जात. पण महाराष्ट्रातच कुंभारांचे अनेक गट, त्यांच्यात आपसात रोटी असली तरी बेटी नाही, चाक फिरवायची आणि घडवायची पद्धतही वेगळी. मोजमापं घेतली तर हे गट एका मुळापासून फुटलेले दिसत नाहीत. म्हणजे एका जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या असं नसून, वेगवेगळे गट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत याच्या उलट होतं. पुन्हा गुरूशी मतभेद! सगळ्या अभ्यासकांनी इरावतीबाईंचं म्हणणं मान्य केलं असं नाही. डोकी-नाकं मोजून समाज कळतो का, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला जात होता आणि आज तर ती पद्धत मागे पडली आहे. मलाही वाटतं की बर्लिनमध्ये जिने कवट्यांवरून माणसाची प्रत ठरत नाही हे सिद्ध केलं, तिने पुढे आयुष्यभर कॅलिपर हातात का ठेवला असेल? त्या काळाचं शास्त्र तेच होतं, एवढंच म्हणता येतं.

माहिती गोळा करणं एक आणि लोकांबरोबर राहणं एक. दुसऱ्याचं उत्तम उदाहरण म्हणजे त्यांची पंढरीची वारी. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या दिंडीत चालल्या. त्यावरचा 'वाटचाल' हा लेख आपल्याकडच्या शिक्षकांनी जरूर वाचावा. दिंडी एकच, अभंग एकच, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते बोचलं. त्या दुसऱ्या पंगतीतल्या बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका जास्त मोकळेपणाने बोलू लागल्या, जवळ येऊन चालू लागल्या, असा अनुभव त्यांनी मांडला आहे. लोकांमध्ये जाऊन काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कागद काढायच्या आधी चहा घेतला, तर समोरचा वेगळं बोलतो. आणि त्या फक्त लोकांचं लिहून थांबल्या नाहीत. पंगती वेगळ्या ठेवणाऱ्या आपल्याच माणसांबद्दलही त्यांनी लिहिलं. अभ्यासकाने स्वतःलाही त्या चित्रात ठेवावं, ही गोष्ट आज संशोधन पद्धतीच्या वर्गात शिकवली जाते. 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहात त्यांचे असे ललित लेख आहेत.

आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने एक गोष्ट. 'मराठी लोकांची संस्कृती' हे त्यांचं पुस्तक १९५१ चं. त्या वेळी आपण अजून हैदराबाद राज्यात होतो. निजामाचं राज्य १९४८ साली संपलं होतं, पण मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. म्हणजे नकाशावर महाराष्ट्र नव्हता, तेव्हा या बाई मराठी लोक म्हणून एक समाज आहे का, तो कशाने बांधलेला आहे, हे पाहत होत्या. समर्थ रामदासांचं जांब आपल्याच तालुक्यातलं, गोदावरी आपल्याच दक्षिणेला. वारी, नात्यांचे शब्द, शेतीची पद्धत या गोष्टी राज्यांच्या सीमा जुमानत नाहीत, हे आपल्या भागाइतकं कोणाला कळणार?

आता कोयनेकडे वळू. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर धरण झालं. राज्याला वीज मिळाली. शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली गावं गेली. लोक उठले आणि सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत विखुरले. डोंगरातल्या पावसातली माणसं सोलापूरच्या उन्हात. ११ डिसेंबर १९६७ ला तर कोयनेचा मोठा भूकंपही झाला. या धरणग्रस्तांचं पाहणीचं काम इरावतीबाईंनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केलं आणि १९६९ साली डेक्कन कॉलेजने तो अहवाल छापला. धरण किती उंच, वीज किती मेगावॅट, हे मोजणारे पुष्कळ होते. ज्यांचं घर गेलं ते कुठे गेले, कशी जमीन मिळाली, भावकी एकत्र राहिली का तुटली, हे घरोघरी जाऊन विचारणारे फार थोडे. पुनर्वसनाचं नियोजन अपुरं होतं, हे त्या पाहणीतून दिसलं. देशात धरणग्रस्तांचा असा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या कामांत याची गणना होते. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो त्यानंतर, १९७६ साली. त्या अहवालामुळेच कायदा झाला असं मी म्हणणार नाही, लोकांची आंदोलनं त्यामागे होती. कोयना धरणग्रस्तांचे मोर्चे तर त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिले.

हे वाचताना आपल्याला जायकवाडी आठवायला हवं. पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. डाव्या कालव्याचं पाणी आपल्या जालना जिल्ह्याला मिळतं. आपल्या तालुक्यात ऊस उभा राहतो, साखर कारखाने चालतात, त्यामागे हे पाणी आहे. पण नाथसागराखाली पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागातली गावं आणि काळी कसदार जमीन गेली. कालव्याकाठच्या आपल्या शाळेतल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? पाणी कुठून येतं हे भूगोलात आहे. कोणाच्या शेतावरून येतं हे नाही.

आजची विद्यापीठं काय मागतात, तेही थोडक्यात सांगते. माणसांवर अभ्यास करायचा तर आधी नैतिकता समितीची मंजुरी. अभ्यास कशासाठी, त्याने आपलं काय होणार, नाव गुप्त राहील का, मध्येच नाही म्हटलं तर चालेल का, हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगून मगच सही किंवा अंगठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांबद्दल स्पष्ट लिहिलंय : पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा. पालकांनी हे लक्षात ठेवावं, कारण शाळेत वजन-उंची, रक्ततपासणी, प्रश्नावल्या घेऊन कोणी ना कोणी येत असतं. ते कोण, कशासाठी आले, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. आणि लोकसहभाग म्हणजे त्याच्याही पुढची पायरी. प्रश्न काय विचारायचे हेच गावाने ठरवायचं, आणि उत्तर आधी गावात सांगायचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात लोकांनी स्वतःचे अभ्यासगट चालवले, जंगलाचा, कायद्याचा अभ्यास स्वतः केला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे संशोधक बाहेरून आलेला नव्हता, गावच संशोधक होतं.

या मापाने इरावतीबाईंचं काम पूर्ण बसत नाही. प्रश्न त्यांचे होते, वही त्यांची होती, पुस्तकं बहुतेक इंग्रजीत होती. भिल्लांच्या पाड्यावर ती परत वाचून दाखवली गेली नाहीत. पण त्यांनी मराठीतही सतत लिहिलं, साध्या माणसाला वाचता येईल असं लिहिलं, हा फरक मोठा आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या नातवंडांना तरी ते वाचता यावं. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी करताना मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : गेल्या वर्षी लिहून नेलं, त्याचं काय झालं? विचारणाऱ्या बाईला सहभाग, संमती हे शब्द माहीत नसतात. तिचा प्रश्न मात्र नेमका तोच असतो.

शेवटची काही वर्षं इरावतीबाई आठवडी बाजारांचा अभ्यास करत होत्या. कोण कुठून येतं, काय आणतं, विकण्याखेरीज तिथे आणखी काय चालतं. सोयरिकीची बोलणी, निरोप, उसनवारी, भांडणं मिटवणं. हे काम हेमलता आचार्य यांच्याबरोबरचं, १९७० सालचं. त्याच वर्षी ११ ऑगस्टला इरावतीबाई गेल्या. वय ६४. मागे मुलगी जाई निंबकर, धाकटी गौरी देशपांडे या दोघी लेखिका आणि मुलगा आनंद कर्वे हे शास्त्रज्ञ.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम (इयत्ता ६ वी ते ८ वी) : प्रत्येक मुलाने घरातल्या सगळ्यात वयस्क बाईकडून नात्यांचे शब्द लिहून आणायचे. नवऱ्याच्या मोठ्या भावाला काय म्हणायच्या, सवतीच्या मुलाला काय, मामेसासऱ्याला काय. लमाण तांड्यावरच्या मुलांनी गोरमाटीतले शब्द आणावेत, उर्दू बोलणाऱ्या मुलांनी त्यांचे. फळ्यावर तक्ता करा. विचारण्याआधी आजीला सांगायचं की हे शाळेत सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे, चालेल का. ती नको म्हणाली तर त्या मुलाला दुसरा उपक्रम द्या, कारण विचारू नका. तक्ता तयार झाला की त्याच्या प्रती काढून मुलांबरोबर घरी पाठवा. आजीला वाचता येत नसेल तर मुलाने वाचून दाखवायचा, आणि तिने काही चुकलंय म्हटलं तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करायचं.